वेशीपासून आसरांपर्यंत

लग्न होऊन मी त्या गावात आले आणि थोड्याच दिवसांत मला कळून चुकलं, की इथं बाईमाणसानं उगीच चालायचं नसतं. चालायला कारण लागतं. डोक्यावर घागर हवी, काखेत धुण्याचा पिळा हवा, भाकरीची पाटी हवी, निदान कमरेला खुरपं तरी खोचलेलं हवं. रिकामे हात हलवत निघालेली बाई दिसली, की गाव आधी तिच्याकडं बघायचं आणि मग तिच्या घराकडं. माझ्या मात्र पायाला लहानपणापासून भिंगरी. परभणीला माहेरी असताना वडील रोज संध्याकाळी पेडगावच्या रस्त्यानं उन्हं उतरेपर्यंत फिरायला जायचे आणि मला बरोबर न्यायचे. कशासाठी जायचो, असं आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कधी स्वतःला विचारलं नाही.

गाव सोनपेठहून खाली, गंगेच्या अंगाला. गंगा म्हणजे गोदावरी, पण आमच्याकडं गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकापुरतं. वेशीतून बाहेर पडलं की काळ्या रानातून तिच्या काठापर्यंत सरळ पायवाट जायची. कुठं चढ नाही, कुठं दगडधोंडा नाही, मध्ये फक्त एक ओढा. अशी वाट दाराशी असून मला तिच्यावर पाय टाकता येत नव्हता. आड गावातच होता. धुणं ओढ्याच्या अलीकडं. शेतावर जायचं तर ते आपल्या रानापुरतं, कामाला, आणि सरळ परत. रझाकारांच्या धामधुमीत बायकांनी कामाशिवाय वेशीबाहेर जायचं नाही, असा गावानं दंडक घातला होता. पुढं पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, निजामाचा हाली रुपया बंद पडला, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली. तो दंडक मात्र मागं घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. भीती गेली होती, तिची सवय तेवढी उरली होती. मला याचा असा संताप यायचा की सांगता सोय नाही, पण नव्या सुनेच्या संतापाला विचारतो कोण.

माझी वाट मोकळी झाली ती थोरल्या जाऊबाईंच्या आखडलेल्या पायामुळं.

आमच्या सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. घर जाऊबाईंच्या हातात होतं. उंच, हाडकुळ्या, बोलणं मोजकं आणि तेही तोडून टाकल्यासारखं. खोटं त्यांना अजिबात खपायचं नाही. दारात आलेला पाहुणा भिडेनं ‘जेवून आलोय’ म्हणाला, तर त्या ताट वाढता वाढता म्हणायच्या, ‘कशाला खोटं बोलायलाव, तोंड सुकलंय तुमचं.’ पाहुणा मुकाट्यानं हात धुवायचा. मी त्यांना घाबरायचे आणि घाबरते हे त्यांना कळू नये म्हणून जास्तच बडबड करायचे.

आदल्या वर्षी त्या कडब्याच्या गंजीवरून घसरल्या होत्या. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून हाड जुळवलं. ते जुळलंही चांगलं, पण महिनोन्‌महिने पाय लांब करून बसल्यामुळं गुडघा आखडला. भिंतीला धरून चुलीपासून न्हाणीपर्यंत, तेवढंच त्यांचं चालणं. दिवाळीच्या आधी त्यांना एसटीनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. सोबत मीही होते. डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला आणि म्हणाले, हाडात काही दोष नाही, पाय चालायचं विसरलाय. रोज सपाट वाटेनं थोडं थोडं चालवा, हळूहळू वाढवा. एवढंच. परतीच्या एसटीत जाऊबाई फणफणत होत्या. ‘येवढ्या लांब नेलं,’ त्या म्हणाल्या, ‘अन् साधी बाटलीबी दिली न्हाई.’

मला मात्र मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. सपाट वाट, रोज. घरी आल्यावर मी मामंजींना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, डॉक्टरांचं म्हणणं शब्द न गाळता सांगितलं. मामंजींचं सगळं शिक्षण निजामाच्या अमलातलं. पान लावता लावता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गंगेकडची वाट म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली. मग म्हणाले, ‘डाक्टरचा हुकूम हाय तर तामील करावा लागंल. दोघी जावा.’

जाऊबाईंना चालायचं होतं, आणि त्याचं कारण गंगेच्या पलीकडं होतं. त्यांचं माहेर पैलतीरावर, काठापासून हाकेच्या अंतरावर. वडील लवकर वारले. आईनं दोन मुलींना एकटीनं वाढवलं. चुलत्यांशी जमिनीवरून अबोला. आता धाकट्या बहिणीचं लग्न माघात ठरलं होतं. आई विधवा, तिला कन्यादानाला बसता येत नव्हतं. बसायचं ते थोरल्या मुलीनं आणि जावयानं. ती आली नाही, तर चुलता-चुलतीच्या पाया पडून त्यांना पाटावर बसवावं लागणार, आणि आईनं उभ्या जन्मात जे केलं नाही ते तिला लेकीच्या लग्नात करावं लागणार.

तिकडं जायला पायांशिवाय दुसरा उपाय नव्हता. आमच्या बाजूची दरड खडी, गाडी खाली उतरायची नाही. गाडीचा उतार होता तो लांब, दगडांचा. एकदा जाऊबाईंना त्या वाटेनं न्यायचा प्रयत्न झाला होता. अर्ध्यातच गुडघ्याच्या कळांनी त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि गाडी माघारी फिरली. थोरले दीर म्हणाले, बाजेवर घालून चौघं उचलून नेऊ. त्यावर जाऊबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते उठून गोठ्यात गेले. ‘चौघांच्या खांद्यावर बसून लग्नाला जाऊ व्हय,’ त्या मला म्हणाल्या. ‘लोकं सुतक धरतील.’

तर आम्ही निघालो. पहिल्या दिवशीचं मला सगळं आठवतं. कार्तिकातली तिन्हीसांजेच्या आधीची वेळ, ज्वारी कमरेएवढी झालेली, तिच्यात मध्ये मध्ये करडईचे पट्टे. जाऊबाईंच्या हातात निरगुडीची काठी. पाय सुजलेला, वहाणेत मावेना, म्हणून अनवाणी. गुडघ्यातून कळ निघाली की ओठ दाताखाली धरायच्या, त्यामुळं तोंडातून शब्द नाही. त्यांच्या वाटणीचं मीच बोलत होते. जवसाला निळी फुलं आलीत बघा बाई, तिकडं तुरीला शेंगा धरल्यात, तो पक्षी कुठला हो. त्यांनी एकदाच तोंड उघडलं: ‘जरा गप ऱ्हा की.’ ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. एवढंच चालणं, पण मला वाटलं मी मुलूख जिंकून आले. अंगणात आल्यावर मी इतकी हसत होते की मामंजींनी विचारलं, काय सापडलं का काय वाटेत.

रोज थोडं पुढं जायचं, असा आमचा नेम. ओढ्यात उतरून पलीकडं चढायचं. मग चिंचेपर्यंत. चिंचेच्या पुढं एका म्हाताऱ्याचा मळा लागायचा. हा म्हातारा म्हणजे गावातलं नामी भांडखोर माणूस. आपल्या बांधावरून कुणी जाऊ नये म्हणून त्यानं पायवाटेवरच बाभळीच्या काटेरी फांद्यांची फेस, म्हणजे आडवं कुंपणच, टाकून ठेवली होती. काट्यांपाशी पोचलो की आम्हाला मागं वळावं लागायचं. पलीकडं गंगेच्या काठावरची उंबराची झाडं दिसायची आणि माझा जीव नुसता तळमळायचा. एकदा मी हातानंच काटे बाजूला करायला गेले आणि बोटं रक्तानं भरून घेतली. जाऊबाईंनी पदरानं पुसली आणि म्हणाल्या, ‘तुझ्या नाकावरचा राग कवा कमी व्हणार, धाकटे?’

आणि मग ते सुरू झालं, जे आमच्या गावातच होऊ शकतं.

समोरच्या घरच्या एक मावशी ओढ्याला धुणं घेऊन बसायच्या. त्या आम्हाला रोज जाताना बघत. ‘कुठं निघाला’ असं त्यांनी विचारलं नाही, कारण निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारायचं नसतं, काम मोडतं. पण डोळ्यांना कोण अडवणार. एक दिवस परतताना त्यांनी धुणं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि सरळ येऊन जाऊबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. जाऊबाई काठीसकट मागं सरकल्या.

‘हे काय करायलाव मावशी?’

‘काही न्हाई,’ मावशी म्हणाल्या. ‘तुमी चाला. तुमच्या पायाचं पुण्य लागावं म्हणून.’

घरी येईपर्यंत मला उलगडा झाला. दोन बायका रोज रिकाम्या हातानं गंगेच्या दिशेनं जातात. एक अनवाणी, तोंडातून अवाक्षर नाही, हातात ताज्या निरगुडीची काठी. गंगेच्या काठावर आहेत काय, तर उंबराखाली साती आसरा, शेंदूर फासलेल्या सात दगडांच्या रूपातल्या पाण्याच्या देवी. गावाला याचा एकच अर्थ लावता येत होता. थोरल्या सूनबाईंनी पायासाठी आसरांना नवस बोललाय, आणि अनवाणी, मौन धरून त्या तो फेडतायत.

मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. जाऊबाईंचा मात्र चेहरा उतरला. ‘देवीच्या नावानं खोटं,’ त्या म्हणाल्या. ‘हे म्या चालू देणार न्हाई.’ दुसऱ्या दिवशी त्या ओढ्यापाशी थांबल्या आणि धुणं धुणाऱ्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘आयका. माझा नवस-बिवस काही न्हाई. डाक्टरनं सांगितलंय, पाय मोकळा करायलेय.’

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग मावशी मोठ्या समजुतीनं मान हलवून म्हणाल्या, ‘बरोबर हाय. नवस सांगायचाच नसतोय.’

जाऊबाई पुढं बोलणार होत्या, पण सगळ्याजणी ‘नगा सांगू, नगा सांगू’ म्हणत कानावर हात ठेवायला लागल्या. मी जाऊबाईंचा दंड धरून त्यांना पुढं काढलं. ओढा ओलांडेपर्यंत त्या धुमसत होत्या. ‘खरं सांगितलं तर आणखीच घट्ट झालं की गं,’ असं म्हणाल्या आणि मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा किंचित हलला. लग्नानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा, हसणं म्हणायचं असेल तर.

आता पुढची गंमत. सुवासिनीच्या नवसाच्या वाटेत काटे टाकणं म्हणजे केवढं पाप. हे त्या मळ्याच्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, बहुतेक त्याच्या बायकोनंच. चारेक दिवसांनी आम्ही चिंचेच्या पुढं गेलो तर काट्यांची फेस गायब. नुसती गायब नाही, बांध फावड्यानं खरवडून सारखा केलेला, कडेची करडई हातभर आत कापलेली, की अनवाणी पायाला टोचू नये. म्हातारा मोटेवर उभा होता. आमच्याकडं न बघताच तो बैलांना म्हणाला, ‘जाऊ द्या, जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय.’ मला त्याला मिठीच मारावीशी वाटली. मी नुसते हात जोडले, तर तो दचकून विहिरीत बघायला लागला.

मग ओढ्यात कुणीतरी सपाट दगड आणून टाकले, पाऊल न घसरता पडेल इतक्या अंतरावर. चिंचेखाली दगडी जात्याची एक फुटकी तळी उलटी करून ठेवलेली सापडली, दम लागला तर टेकायला. गंगेच्या दरडीत कुणी तरी पायऱ्या खोदल्या. कोण हे करतंय, कधी करतंय, पत्ता लागायचा नाही. नवसात मदत केलेली सांगायचीही नसते. अख्ख्या मुलखात तशी वाट नसेल. म्हातारी माणसं, पोटुशा बायका, कुणीही सहज चालावं अशी. मला रोज उठल्यावर पहिला विचार हाच यायचा, की आज वाटेवर नवीन काय झालं असेल.

आणि मग बायका आल्या. आधी मावशी. धुणं बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘तुमच्यासंगट येऊ का? माझंबी एक मागणं हाय.’ काय मागणं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मग त्यांची सून. मग गल्लीतल्या दोघी-तिघी. मग वेशीजवळच्या एक आजारी असलेल्या काकू, ज्या उन्हाळ्यापासून माजघराबाहेर आल्या नव्हत्या. पौष लागेपर्यंत संध्याकाळी वेशीत अशी गर्दी व्हायची की पारावरचे पुरुष उठून जागा द्यायचे. एकालाही ‘कुठं निघालात’ म्हणायची छाती नव्हती. नवसाच्या बाईला अडवून कोण पाप घेईल?

मौन ओढ्यापर्यंतच टिकायचं. ओढा ओलांडला की सगळ्यांची तोंडं एकदम सुटायची. हरभरा टरारला होता. वाटेत कुणाचा तरी ढाळा उपटायचा आणि घाटे सोलून खात चालायचं. मावशींची सून, जिनं घरात कधी मान वर केली नव्हती, ती मोकळं रान बघून एकदा पदर खोचून पळतच सुटली. नुसती पळाली, चिंचेपर्यंत, आणि तिथं उभी राहून धापा टाकत हसत राहिली. तिची सासू बघत होती. मला वाटलं आता बोलणार. मावशी म्हणाल्या, ‘म्याबी पळायची. लय वर्सं झाली.’ आजारी काकूंचा खोकला त्या वाटेवर कुठं गेला कुणास ठाऊक. मी तर वेडी झाले होते. माझ्या एकटीच्या पायाची भिंगरी साऱ्या गल्लीच्या पायाला लागली होती.

जाऊबाई सगळ्यांच्या मागं, काठी टेकत. पण त्यांचं पाऊल आता टाकल्यासारखं पडायला लागलं होतं, ओढल्यासारखं नाही. ज्या दिवशी त्या उंबरापर्यंत पोचल्या त्या दिवशी बायकांनी आसरांना हळदीकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य ठेवला. जाऊबाई त्या सात दगडांपुढं अवघडून उभ्या होत्या. बाकीच्या पाण्याकडं गेल्यावर त्या हात जोडून म्हणाल्या, ‘म्या काही बोललेली न्हाई. ह्या बायका बोलायल्यात. मला माफ करा.’ मग जरा थांबून, ‘पण पाय बरा करा.’ मी उंबराआड तोंड दाबून उभी होते.

त्या दिवसापासून आम्ही दरडीच्या पायऱ्यांनी खाली वाळूत उतरू लागलो. वाळूत चालणं म्हणजे गुडघ्याची खरी परीक्षा. कोरड्या वाळूत पाय आत जातो आणि उचलताना कळ येते. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते, तिथून चालायचं, हे आम्हाला मावशींनी दाखवलं. घरी आल्यावर दुसरा अभ्यास. कन्यादानाला पाटावर मांडी घालावी लागणार. मी पाट मांडायचे आणि जाऊबाई गुडघा दुमडायच्या. अर्धा दुमडला की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. ‘होईल बाई,’ मी म्हणायचे. ‘व्हईल म्हणायला तुझं काय जातंय,’ त्या म्हणायच्या आणि पुन्हा दुमडायच्या.

माघ लागला. पलीकडून वाळकं विकायला येणाऱ्या माणसाबरोबर त्यांच्या आईचा निरोप आला. तो दारात उभा राहून पाठ केल्यासारखा म्हणाला, ‘आई म्हणायल्यात, पायाची तकलीफ आसंल तर जिवावर उदार व्हऊ नगंस. चुलता बसायला तयार हाय. म्या जाते त्याच्या दारात.’

जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, भिंतीला हात न लावता. ‘तिला म्हनावं, कुणाच्या दारात जाऊ नगं. म्या चालत येते.’ तो गेल्यावर त्यांनी स्वतःच पाट मांडला आणि गुडघा दुमडायला घेतला. मी त्यांना पाणी दिलं. मलाही पहिल्यांदाच भीती वाटली. इतके दिवस मी मजेत चालत होते. हे चालणं पोचलंच पाहिजे असं आहे, हे त्या पाटाकडं बघताना माझ्या डोक्यात शिरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. थोरले दीर आणि पुरुष मंडळी लांबच्या वाटेनं गाडीत सामान घेऊन गेली. आमच्याबरोबर सगळ्या बायका काठापर्यंत आल्या. धुकं वर उचलत होतं. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं, पण गार असं की पाऊल घालताच दात वाजले. जाऊबाईंनी कासोटा वर खोचला, एका हातात काठी, एका हातात माझा खांदा. मध्यावर गेलो आणि त्यांचा आजारी पाय वाळूत रुतला. त्या हलेनात. मी ओढायला लागले.

‘वढू नगंस,’ त्या म्हणाल्या. ‘थांब.’

काठावरच्या बायका पाण्याच्या कडेपर्यंत पुढं आल्या होत्या. जाऊबाईंनी काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी गुडघा धरला, दुमडला आणि पाय स्वतःच वर काढला. त्या गुडघ्याला इतका दुमडलेला मी पाटावरसुद्धा पाहिला नव्हता. मग त्यांनी काठी परत मागितलीच नाही. पैलतीरावर एक बारकीशी म्हातारी पदर डोक्यावर ओढून उभी होती. जाऊबाई पाण्यातून बाहेर पडेपर्यंत तिला धीर धरवला नाही. ती पायातल्या वहाणांसकट पाण्यात शिरली आणि दोघी मायलेकी घोट्याएवढ्या पाण्यात एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी दोन्ही हातांत काठी धरून रडत होते आणि हसतही होते.

कन्यादानाला त्या बसल्या. मांडी पुरती पडली नाही, गुडघा वरच राहिला. गुरुजींनी मंत्र थांबवून तिकडं पाहिलं. नवरीनं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, आपल्या शालूचा पदर सहज पसरावा तसा त्यांच्या गुडघ्यावर पसरला आणि गुरुजींना म्हणाली, ‘पुढं म्हणा.’ मांडवाच्या खांबाआडून आई बघत होती. चुलता जेवायला आला आणि जेवून गेला, कुणी त्याच्या पाया पडलं नाही.

बहिणीची पाठवणी होऊन आम्ही परतलो तेव्हा दुपार उतरलेली होती. पात्र ओलांडून दरडीच्या पायऱ्या चढलो, तर वर उंबराखाली आमच्या सगळ्या बायका बसलेल्या. खण-नारळ, दहीभाताचं पातेलं, हिरव्या बांगड्या, आसरांचं सगळं सामान मांडून ठेवलेलं. नवस फेडायची तयारी. जाऊबाई काठीशिवाय वर आल्या तेव्हा सगळ्या बायका आनंदानं उठल्या, त्यांना मध्ये घेतलं, कुणी पाय धुतले, कुणी कुंकू लावलं. पण मला त्या बायकांची तोंडं दिसत होती. मावशींच्या सुनेनं चिंचेकडं एकदा वळून पाहिलं. आजारी काकूंनी पदर डोक्यावर ओढून घेतला, माजघरात घेत असत तसा.

मावशींनी नारळ पुढं केला. ‘फिटला ना वं नवस?’ त्यांनी विचारलं. आवाजात उत्साह आणायचा प्रयत्न होता, पण आला नाही.

मला कळलं. मी मान खाली घातली. जाऊबाईंच्या तोंडून काय येणार हे मला पाठ होतं. नवस नव्हताच, तर फिटायचा कसा, असं काहीतरी तोडून टाकणारं, खरं. मग उद्यापासून पुन्हा आड, धुणं आणि वेस.

जाऊबाईंनी नारळ घेतला. त्या सात दगडांकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग नारळ तसाच, न फोडता, मावशींच्या ओटीत परत घातला.

‘न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘न्हाई फिटला आजून. आर्धाच फिटलाय. रोज यावं लागंल, सगळ्यांनी. लय दिवस.’

आणि त्या कुणाच्याही तोंडाकडं न बघता वाटेला लागल्या. मागं बायकांचा एकदम गलका उठला. मी जाऊबाईंबरोबर चालायला म्हणून पळत निघाले, आणि मळ्याच्या बांधापर्यंत पळूनही मला त्यांना गाठता आलं नाही.